ज्या व्रताला प्रतिनिधी नाही

आपल्या धर्मशास्त्रात व्रतांचे नियम जितके कठोर आहेत, तितकीच त्यांत माणसाच्या दुर्बलतेची जाणही आहे. अंगीकारलेले व्रत आजारपणामुळे किंवा अशक्तपणामुळे तडीस नेता येत नसेल, तर पती, पत्नी, पुत्र, बंधू किंवा पुरोहित यांपैकी कोणी प्रतिनिधी होऊन ते पूर्ण करावे, अशी मुभा निबंधकारांनी दिलेली आहे. आमच्या घरी पूजेची वृत्ती पिढीजात असल्यामुळे या मुभेचा उपयोग होताना मी लहानपणापासून पाहत आलो आहे. कोणाचा एकादशीचा उपवास मुलाने धरला, कोणाची प्रदक्षिणा भावाने पुरी केली, कोणाचा अभिषेक पुरोहिताकडून झाला. संकल्प एकाचा आणि श्रम दुसऱ्याचे, तरीही व्रत पूर्ण होते.

परंतु संसारात एक व्रत असे आहे की ज्याला प्रतिनिधीच नाही. ते म्हणजे गर्भधारणा. पती कितीही प्रेमळ असला, सासू कितीही मायाळू असली, तरी नऊ महिन्यांतील एक घटकाही त्यांना स्त्रीच्या वतीने वाहता येत नाही. सर्व काही सुरळीत असते तेव्हा ही गोष्ट घराच्या ध्यानातही येत नाही. गर्भारपण कठीण जाऊ लागले म्हणजे मात्र ती स्पष्ट दिसू लागते. मी शास्त्री नव्हे, माझे शिक्षणही शाळेपुरतेच झालेले आहे. तरीही एक विचार गेली दोन वर्षे मनात घोळत आहे, तो मंदिराच्या सभासद कुटुंबांपुढे नम्रपणे ठेवावासा वाटतो. जे व्रत दुसऱ्या कोणाला करता येत नाही ते जिच्या अंगावर आले आहे, तिच्या डोक्यावरील बाकीच्या सर्व ओझ्यांना प्रतिनिधी होणे हा त्या घराचा धर्म आहे की केवळ चांगुलपणा आहे? चांगुलपणा असेल तर तो सवडीने करता येतो. धर्म असेल तर तो टाळता येत नाही.

कठीण गर्भारपण म्हणजे काय, हे ज्या घराने अनुभवले नाही त्याला सांगून कळणे अवघड. एखादीला ओकाऱ्यांनी पाण्याचा घोटही ठरत नाही. एखादीची वार खाली असते आणि केव्हा रक्त जाऊ लागेल याचा भरवसा नसतो. एखादीचा रक्तदाब वाढतो, एखादीला त्याच महिन्यांत मधुमेह दिसू लागतो. एखादीने मागे एक किंवा दोन गर्भ गमावलेले असतात, त्यामुळे या वेळी तिच्या आनंदातही भीती मिसळलेली असते. घरातील सारे तिच्याकडे पाहत असतात, ती आपल्या पोटाकडे पाहत असते, आणि दिवस मोजले जातात. पाहुण्यांना काय सांगावे, कोणापासून काय लपवावे, पैसा कोठून आणावा, रात्री दूरध्वनी वाजला तर कोणी घ्यावा, अशा लहान लहान प्रश्नांनी घर भरून जाते.

आमच्या वहिनींना पाचव्या महिन्यात रक्तदाबाचा विकार जडला. वेळेवर जेवण, वेळेवर गोळ्या आणि आठवड्यातून दोनदा तपासणी असे डॉक्टरीणबाईंनी बजावले. दिवस राहण्यापूर्वीच वहिनींनी सोळा सोमवारांचे व्रत घेतले होते आणि सात सोमवार शिल्लक होते. व्रत मोडले तर बाळाला काही होईल, या धास्तीने त्या सोमवारी जेवायला बसेनात. आईचाही जीव खालीवर होत होता. तेव्हा वडील देवघरातून उठून आले आणि म्हणाले, “संकल्प तुझा, उपवास माझा. तू जेव.” पुढले सातही सोमवार त्यांनी केले. त्या दिवसापासून घराला जणू वळणच लागले. पाणी भरणे दादाने घेतले, बाजारहाट माझ्याकडे आली. फोडणीच्या वासाने वहिनींना उमळून येई, म्हणून आईने स्वयंपाक पहाटेच उरकण्यास सुरुवात केली. सोवळ्याचे नियम आमच्या घरी कडक आहेत. त्यांतील जे वहिनींना सोसण्यासारखे नव्हते, ते बाकीच्यांनी आपल्याकडे घेतले.

आठव्या महिन्यात एका रात्री वहिनींचे डोके भयंकर दुखू लागले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. ती नेमकी अमावास्येची रात्र होती. सकाळ होऊ द्यावी असे आईच्या तोंडून निघाले. वडील म्हणाले, “मुहूर्त मंगलकार्याला असतो, संकटाला नसतो.” दादा त्याच पावली त्यांना प्रसूतिगृहात घेऊन गेला. वाढलेल्या रक्तदाबात असे डोके दुखणे आणि दृष्टी अंधूक होणे ही झटके येण्यापूर्वीची सूचना असू शकते, हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवले होते म्हणून निभावले. बाळ दिवसांआधी आले आणि काही दिवस काचेच्या पेटीत राहिले. आज ते दोन वर्षांचे आहे. सर्वच घरांचा शेवट असा गोड होत नाही, हे मी जाणतो. म्हणूनच आमच्या वाट्याला आलेल्या सुखावरून काही सिद्ध करण्याचा माझा हेतू नाही. प्रतिनिधी होणे म्हणजे काय, एवढेच मला त्यातून उमगले.

आपल्या प्राचीनांना हे ठाऊक होते. चरकसंहितेत गर्भिणीला तेलाने काठोकाठ भरलेल्या पात्राची उपमा दिली आहे. असे पात्र हिंदकळू न देता जपावे, तसे तिला जपावे, असा त्या उपदेशाचा भाव आहे. पात्र स्वतःला सांभाळू शकत नाही, ते धरणाऱ्याच्या हातांनी सांभाळायचे असते, हे त्या उपमेतच आले. गर्भिणीच्या ठायी दोन हृदये असतात म्हणून तिला दौहृदिनी म्हटले आहे आणि तिच्या इच्छा पुरवाव्यात असे सुश्रुत सांगतो. आपला ‘डोहाळे’ हा शब्द त्याच कुळातला. ज्या मनुस्मृतीतील स्त्रीविषयक अनेक वचने आज आपणांस मान्य होण्यासारखी नाहीत, त्याच ग्रंथात गर्भिणीला अतिथींच्याही आधी, विचार न करता, जेवू घालावे असे सांगितले आहे. दोन महिन्यांवरील गर्भिणीकडून नदी उतरण्याचे मोल घेऊ नये, असेही त्यात म्हटले आहे. अतिथी हा देव, पण त्याच्याही आधी गर्भिणी. नावाड्याची मजुरीही तिच्यासाठी माफ. घर, गाव आणि राजसत्ता या तिघांनीही आपापल्या हक्कातून थोडे सोडावे, हाच याचा अर्थ नव्हे काय?

तरीही वचने ठाऊक असणे वेगळे आणि ती आचरणे वेगळे. विदर्भभूमीत जन्मलेल्या भवभूतीने ‘उत्तररामचरित’ नाटकाच्या पहिल्याच अंकात हा भेद दाखवून ठेवला आहे. सीता गर्भवती आहे. अष्टावक्र येऊन वडीलधाऱ्यांचा निरोप सांगतो की, तिचे जे डोहाळे असतील ते त्वरित पुरवावेत. सीतेला पुन्हा वनात विहार करण्याची इच्छा होते. रथ सिद्ध होतो, आणि त्याच रथातून, लोकापवादाच्या भयाने, तिचा त्याग होतो. डोहाळा पुरविला गेला आणि गर्भिणी मात्र टाकली गेली. आपल्या घरांतही डोहाळजेवण थाटात होते, फुलांची वाडी भरते, झोपाळा सजतो, छायाचित्रे निघतात. दुसऱ्या दिवशी तीच स्त्री सुजलेल्या पायांनी वीस माणसांची भांडी आवरताना दिसली, तर आपणही भवभूतीच्या त्या रथासारखेच काही केले असे म्हणावे लागेल.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो वडीलधाऱ्या स्त्रियांकडून येतो म्हणून त्याचा आदरपूर्वक विचार केला पाहिजे. “आमच्या वेळी असे काही नव्हते. आम्ही शेवटच्या दिवसापर्यंत दळण दळले, पाणी शेंदले आणि सहा मुले झाली.” हे खरे आहे. परंतु हे सांगायला त्या आहेत. ज्या त्या बाळंतपणांतून उठल्या नाहीत, त्यांची साक्ष कोण देणार? आनंदीबाई जोशी यांना वयाच्या चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघ्या दहा दिवसांत गेले. योग्य उपचार मिळते तर ते वाचले असते, या जाणिवेतून त्या सातासमुद्रापार गेल्या. १८८६ साली फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली, आणि प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्राचा.

आपल्या हैदराबादेतही अशीच एक कथा आहे. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या धाकट्या स्नुषा राजकन्या निलोफर यांच्या सेवेतील एक तरुणी १९४९ साली बाळंतपणात दगावली. राजवाड्याच्या आश्रयाला असलेल्या स्त्रीलाही वेळेवर उपचार मिळाले नाहीत, याचे त्यांना अतिशय दुःख झाले. त्यांच्या प्रेरणेतून रेड हिल्स भागात स्त्रिया व बालके यांच्यासाठी रुग्णालय उभे राहिले आणि १९५३ पासून ते त्यांच्याच नावाने चालत आले आहे. निलोफर यांना स्वतःला मूलबाळ नव्हते. म्हणजे ज्या स्त्रीला ते व्रत कधी लाभले नाही, ती हजारो व्रतस्थ स्त्रियांची प्रतिनिधी झाली. या शहरात राहणाऱ्या आपण मराठी कुटुंबांनी हे विसरू नये.

तेव्हापासून पुष्कळ सुधारणा झाली. नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे २०१८ ते २०२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ माता मृत्यू पावल्या. तेलंगणात ही संख्या ४३ आणि महाराष्ट्रात ३३ होती. आकडा उतरला ही समाधानाची गोष्ट आहे. पण ज्या घरातील एक गेली त्याला लाखाचा हिशेब काय कामाचा? बाळंतपणातील मृत्यूंमागे तीन विलंब असतात, असे थॅडियस आणि मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी १९९४ साली मांडले. दवाखान्यात जावे हे ठरविण्यातील विलंब, तेथवर पोहोचण्यातील विलंब, आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातील विलंब. दुसऱ्याला रस्ता कारण असेल, तिसऱ्याला रुग्णालय. पहिला मात्र बहुतेक वेळा घरातच घडतो. ‘सकाळी पाहू’, ‘आधी सासूबाईंना विचारू’, ‘एवढ्याशाने काय होते’, ‘आज दिवस बरा नाही’ ही त्या विलंबाची नावे आहेत. रस्ता बांधणे सरकारच्या हाती आहे, पण पहिला विलंब टाळणे सर्वस्वी आपल्या हाती आहे.

कठीण गर्भारपणात घराकडून घडणारा दुसरा अपराध म्हणजे दोष देणे. काही बिनसले की चौकशी सुरू होते. पपई खाल्ली का? ग्रहणात बाहेर गेली होती का? फार विचार करते का? फार काम केले का, किंवा मुळीच केले नाही का? कोणी पूर्वजन्मीच्या पापापर्यंतही पोहोचतात. वैद्यकशास्त्र सांगते की, सुरुवातीच्या महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांचे कारण गर्भाच्या गुणसूत्रांतच असते. ते आईच्या खाण्यात, चालण्यात अथवा स्वभावात नसते. रक्तदाबही सुनेच्या रागीटपणामुळे चढत नाही. आणि कर्मसिद्धान्त आपल्याला दिला आहे तो स्वतःचे आचरण शोधण्यासाठी, दुसऱ्याच्या दुःखाचा पंचनामा करण्यासाठी नव्हे. जी आधीच भीतीने जागी आहे, तिच्या उशाशी अपराधाची भावना ठेवणे हे हिंसेहून फार दूर नाही.

येथपर्यंत बहुतेक वाचक सहमत होतील. पण प्रतिनिधित्वाला एक मर्यादाही आहे, आणि ती सांगितल्याखेरीज हा विचार अपुरा राहील. प्रतिनिधी श्रम करतो, संकल्प बदलत नाही. यजमानाने शिवाचे व्रत घेतले असता पुरोहिताने विष्णूचे करून चालत नाही. त्याचप्रमाणे गर्भिणीच्या वतीने कामे करणाऱ्या घराने तिच्या वतीने इच्छा करू लागणे हे प्रतिनिधित्व नव्हे, ते स्वामित्व झाले. पुष्कळ घरांत काळजीच्या नावाखाली नेमके हेच घडते. तिने खोलीबाहेर येऊ नये, कोणाशी बोलू नये, माहेरी जाऊ नये, किंवा उलट पहिले बाळंतपण माहेरीच म्हणून डॉक्टर नको म्हणत असताही काचीगुड्याहून नांदेडच्या गाडीत बसावे, हे सर्व इतरच ठरवितात. तिला विचारले जात नाही.

याची खरी कसोटी लागते ती आई आणि गर्भ या दोघांचे हित परस्परविरुद्ध उभे राहते तेव्हा. या प्रसंगाबद्दल मंदिराच्या पत्रात लिहू नये असे काहींना वाटेल. पण ज्या घरावर तो येतो, ते घर प्रथम देवापुढेच येऊन उभे राहते. मग आपण मौन कसे पाळावे? गर्भाचा घात हे आपल्या स्मृतींनी मोठे पातक मानले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु सुश्रुताने मूढगर्भाच्या प्रकरणात जिवंत गर्भावर शस्त्र चालविण्यास मनाई केली असली, तरी गर्भ मृत झाल्यावर क्षणभरही उपेक्षा करू नये, कारण तो मातेचा प्राण घेतो, असेही निक्षून सांगितले आहे. गर्भ वाचणार नाही हे निश्चित झाल्यावर मातेलाही हातची जाऊ द्यावे, असे धर्माला कधीच अभिप्रेत नव्हते.

हा भेद न पाळल्याचे फळ सीमाभागातील एका कुटुंबाने भोगले आहे. सविता हलप्पनवार या दंतवैद्य तरुणीचे माहेर बेळगावचे. २०१२ साली त्या आयर्लंडमधील गॉलवे शहरात सतरा आठवड्यांच्या गर्भवती होत्या. गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झाल्यावर त्यांनी तो काढण्याची विनंती केली. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत, या कारणाने ती नाकारण्यात आली. रक्तात विषबाधा पसरून २८ ऑक्टोबर २०१२ रोजी त्यांचे निधन झाले. गर्भही गेला आणि आईही गेली. २०१८ मध्ये तेथील जनतेने मतदान करून ज्या कलमामुळे हे घडले ते घटनेतून काढून टाकले. आपल्या देशात १९७१ चा कायदा आहे. तिचा जीव वाचविण्यासाठी तातडीची गरज असेल तेथे त्यातील आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत त्यात संमती लागते ती तिची स्वतःची, पतीची अथवा सासरची नव्हे. सुश्रुताच्या काळी वैद्याने घराच्या अधिपतीला विचारावे असे होते, आज तिला विचारावे लागते. संकल्प जिचा, शब्दही तिचा. माझ्या अल्प मतीला हे प्रतिनिधित्वाच्या तत्त्वाशी अधिक सुसंगत वाटते.

आणि इतके करूनही जर ओटी रिकामी राहिली, तर? तेव्हा बहुतेक घरे गप्प होतात. ‘पुन्हा होईल’ असे म्हणून दुसऱ्या दिवसापासून रोजचे व्यवहार सुरू होतात. आपल्या शास्त्राने मात्र या घटनेला नाव दिले आहे. चौथ्या महिन्यापर्यंत गर्भस्राव, पाचव्या-सहाव्यात गर्भपात आणि पुढे प्रसूती. जितके महिने गर्भ होता तितके दिवस आईला अशौच सांगितले आहे. हा नियम शुद्धीचा म्हणून सांगितला जातो हे खरे. पण त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. काही घडले आहे, कोणी आले होते आणि गेले आहे, ही त्या घराने दिलेली कबुली. त्या दिवसांत तिला चूल नसे, पूजा नसे, विश्रांती असे. १९६१ च्या मातृत्व लाभाच्या कायद्यानेही नोकरदार स्त्रीला गर्भपातानंतर सहा आठवड्यांची रजा दिली होती. शास्त्र आणि कायदा दोघांनीही जे दुःख मोजले, ते घराने नाकारू नये. तिला रडू द्यावे, आणि तिच्या पतीलाही. त्याचे दुःख तर कोणी विचारीतच नाही.

शेवटी आपल्या मंदिराच्या कुटुंबांविषयी दोन शब्द. सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा येथील मोठे वाडे आता उरले नाहीत. अनेक तरुण जोडपी दूरच्या वसाहतींत दोन खोल्यांत राहतात. सासू लातूरला, आई परभणीला. त्यांच्या घरी प्रतिनिधी व्हायला कोणी नाही. हे काम आपण का करू नये? एका घराने आठवड्यातून एक दिवस डबा पोहोचवावा. ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांनी रात्रीबेरात्री बोलावण्यासाठी आपला क्रमांक देऊन ठेवावा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते, तेथे सोबतीला कोणी जावे. बाळंतपणातील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण अतिरक्तस्राव हेच आहे, म्हणून तरुणांनी रक्तदात्यांच्या यादीत नाव घालावे. दुसऱ्याच्या शरीरात आपले रक्त जावे, याहून निकटचे प्रतिनिधित्व कोणते असणार?

अभिषेकाच्या वेळी यजमानाने भटजींच्या हाताला हात लावून उभे राहण्याची रीत आपण जाणतो. मंत्र त्यांना येत नसतात, तरी तो हात असतो. जिचे व्रत आपल्याला करता येत नाही, तिच्या हाताला आपला हात लागलेला असावा, एवढेच मागणे आहे.